गुडघ्यातलं ‘ग्रीस’ संपत नाही हो

तो मेसेज परत फिरतोय. प्रत्येक सांध्यात ग्रीस असतं, वयाबरोबर ते संपतं, बोटं मोडली की हाडावर हाड घासून आवाज येतो, म्हणून चाळिशीनंतर चालणं कमी करा आणि रोज चमचाभर तेल प्या. खाली ‘सर्वांना पाठवा’ आहेच.

‘प्रत्येक सांध्यात’ इथेच गाडी घसरलीये. कवटीची हाडं दातेरी शिवणीने घट्ट जोडलेली असतात, मधे तंतू, पोकळीच नाही तर वंगणाचा द्रव, म्हणजे तेच ते ‘ग्रीस’, राहणार कुठे? दोन मणक्यांमधल्या चकतीचा सांधा कूर्चेचा (कूर्चा म्हणजे कार्टिलेज, हाडापेक्षा मऊ आणि लवचिक), तिथेही पोकळी नाही, पण त्याच मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे द्रववाले सांधे असतात, म्हणजे एकाच जोडीत दोन प्रकार, मला तर हे भारीच वाटतं. बाकी द्रव असतो तो गुडघा, खांदा, कोपर, बोटं असल्या मोकळ्या हलणाऱ्या सांध्यांत.

आता ‘संपतं’ म्हणे. अहो, सांध्याच्या आतलं अस्तर तो द्रव रक्तातून सतत बनवत असतं आणि जुना शोषला जात असतो, निरोगी गुडघ्यात असतो तोच मुळात काही मिली. उलट सांधा सुजतो तेव्हा बऱ्याचदा पाणी वाढलेलं असतं, डॉक्टर सुईने काढतात ते हेच. झिजते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा, आणि त्यामागे वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता अशी बरीच कारणं असतात.

बोटांचा आवाज घासण्याचा नाहीच. सांधा ताणला की आतला दाब एकदम कमी होतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते, 2015 मध्ये एमआरआयवर हे चालू असतानाच टिपलंय. म्हणून तर तेच बोट लगेच परत वाजत नाही, साधारण 20 मिनिटं जावी लागतात. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 50 हून जास्त वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, संधिवात कुठल्याच हाताला झाला नाही, 2009 मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. एका माणसावरून सिद्ध काही होत नाही, मान्य. आवाजाबरोबर दुखत किंवा सुजत असेल तर मात्र दाखवून घ्या.

तेल आतड्यात पचतं, गुडघ्याकडे जाणारी नळी नाही.

आणि चालू नका हा सल्ला तर सगळ्यात घातक. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, स्पंजसारखी ती दाबली-सुटली की द्रव आत-बाहेर होतो आणि तिला पोषण मिळतं. बसून राहिलात तर मांडीचे स्नायूही ढिले पडतात, मग सगळा भार त्या गुडघ्यावरच.