पाच गावं नकोत, एकच बघा

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जाणारी आपली मंडळी दरवर्षी वाढतायत, आणि बोट इटलीतल्या ला स्पेझिया बंदराला लागली की बहुतेकांची सहल ठरलेली असते: जवळच्या चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावरची पाचही गावं, एका दिवसात. माझं यावर ठाम मत आहे आणि ते कुणाला आवडो न आवडो, मांडणार आहे. पाच गावं करू नका. एक करा आणि तिथे थांबा.

साधा हिशेब बघा. बोटीवरून उतरून ला स्पेझियाचं स्टेशन गाठेपर्यंत तासभर सहज जातो. संध्याकाळी बोट सुटायच्या आधी परत पोचायचं. मध्ये हातात उरतात पाच-सहा तास. त्यात रिओमाज्जोरे, मानारोला, कॉर्नीलिया, वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सो बसवायची. गाडीने एका गावातून दुसऱ्या गावात जायला चार-पाच मिनिटं पुरतात हे खरं, पण गाडीची वाट बघणं, बोगद्यात शिरलेल्या अरुंद फलाटांवरची रेटारेटी, स्वच्छतागृहाची रांग, हे कुणी धरतच नाही. कॉर्नीलिया तर समुद्रापासून शंभरेक मीटर उंचावर आहे, स्टेशनपासून वर जायला पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. घाईच्या सहलीत ते गाव गाडीच्या खिडकीतूनच ‘झालं’ म्हणून मोकळे होतात.

आम्ही बोटीची सहल घेतली नाही. तिकिटं काढून सरळ वेर्नाझ्झाला उतरलो आणि परतीच्या गाडीपर्यंत तिथेच राहिलो. बंदराच्या कडेला बसल्या बसल्या किती गट आले आणि गेले! पुढे उंच धरलेली पाटी, मागे चाळीस-पन्नास माणसं, सांता मार्गेरिताच्या चर्चसमोर फोटो, आइस्क्रीम, की लगेच स्टेशनकडे. अकरा ते दोन या वेळात गल्लीतून चालायलाही जागा नव्हती. या गावात हजारही माणसं राहत नाहीत आणि एका मोठ्या बोटीत तीन-चार हजार प्रवासी असतात. बोट लागते ती ला स्पेझियाला, आणि ते शहर वेगळं, त्याची नगरपालिका वेगळी. ही पाच गावं मात्र तीन चिमुकल्या नगरपालिकांत विभागलेली. गर्दीचा कचरा उचलायचा त्यांनी.

दुपारी आम्ही गावामागची मोंतेरोस्सोची पायवाट धरली. थोडं वर गेलो तर एक वयस्क गृहस्थ ढासळलेली भिंत पुन्हा रचत होते. दगड उचलायचे, हातात फिरवून बघायचे, बसत नसेल तर हातोडीने एक कोपरा उडवायचे आणि मागच्या पोकळीत बारीक खडी ठासायचे. ना चुना, ना सिमेंट. मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे आगराभोवती गडगा घालतात, तोही असाच कोरडा. पण इथे गडग्यावर गडगा चढवत अख्खा डोंगर धरून ठेवलाय, समुद्रापासून पार वरपर्यंत, आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षाचे वेल. माणूस जेमतेम उभा राहील एवढ्या जागेत! द्राक्षांच्या पेट्या खाली आणायला एका रुळावरची छोटी यांत्रिक गाडी आहे. ती आली अलीकडे, त्याआधी सगळं डोक्या-खांद्यावरून.

१९९७ साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हटलं ते फक्त रंगीत घरांसाठी नाही. माणसाने रचलेला हा डोंगर हाच तो वारसा आहे. पण ला स्पेझियाची नौदलाची गोदी आणि कारखाने यांत नोकऱ्या मिळायला लागल्यावर शेती सुटत गेली. शेती सुटली की भिंतीकडे बघायला कुणी उरत नाही. एक दगड निसटला की पावसाचं पाणी तिथून वाट काढतं आणि माती घेऊन खाली येतं. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांत एवढा पाऊस कोसळला की वेर्नाझ्झाचा मुख्य रस्ता काही मीटर चिखल-दगडांखाली गाडला गेला. माणसं गेली. मोंतेरोस्सोचेही तेच हाल झाले. गावकऱ्यांनी आणि मदतीला आलेल्यांनी वेर्नाझ्झा उकरून काढलं, म्हणून आज आपल्याला तिथे फोटो काढता येतो.

म्हणूनच मला बोटीवरच्या फुकट जेवणासाठी धावत परतणाऱ्यांचा मनापासून राग येतो. पैसे भरलेत म्हणून जेवण तिथेच घ्यायचं, आणि गावाला काय, तर रिकामी पाण्याची बाटली? एक जेवण तरी तिथे जेवा. शाकाहारी माणसाची काही अडचण होत नाही. तुळशीच्या कुळातल्या बेझिलची चटणी, म्हणजे पेस्तो, याच लिगुरिया प्रांतातला. फोकाच्चा हा ऑलिव्ह तेलातला चपटा पाव आहे. फारिनाता आहे: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ भट्टीत भाजलेलं, आपल्या धिरड्याची सख्खी बहीणच. मासे खाणाऱ्यांनी मोंतेरोस्सोच्या अँचोव्ही सोडू नयेत. आणि घेत असाल तर शाक्केत्रा ही वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाइन घ्या. बाटली महाग असते, पण ती द्राक्षं कुठून येतात हे एकदा बघितलं की घासाघीस करावीशी वाटत नाही.

काही जण म्हणतात, मग क्रूझच बंद करा. मला ते पटत नाही. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना बोटीमुळेच हा किनारा दिसतो. माझ्या सासूबाई एरवी कुठे गेल्या असत्या? पण इटलीच्या सरकारने २०२१ मध्ये मोठ्या बोटींना व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरून जायला मनाई केली, तेही मला शंभर टक्के योग्य वाटतं.

पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांना माझं जाहीर सांगणं आहे: माहितीपत्रकात ‘पाच गावं एका दिवसात’ असं मोठ्या अक्षरात छापणं बंद करा. ‘एक गाव, गावातच जेवण, झेपेल तेवढी चढण’ असा पर्याय ठेवा. आणि तुम्ही ग्राहक असाल तर बुकिंग करतानाच तो मागा. मागणारे दहा जण झाले तर ते नक्की ठेवतील.