खुलासा : हर्नियाच्या ऑपरेशननंतर महिनाभर खाटेवर? नाही!

‘हर्निया अडकून तातडीचं ऑपरेशन झालं, तर महिनाभर उठायचं नाही, जाळी (पोटाच्या कमकुवत जागी आधाराला बसवतात ती) सरकते, केळी खाल्ली तर टाक्यांत पू होतो’ असा मेसेज जळगाव-धुळ्याकडे फिरतोय. या सगळ्या गोष्टी चूक.

जाळी बसवताना सहसा टाक्यांनी पक्की करतात. चालण्याने ती सरकत नाही. उलट पडून राहिल्याने पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, छातीत कफ साठू शकतो. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं चालावं. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग कोपराने रेटा देऊन बसा. खोकला-शिंक आली की जखमेवर उशी दाबून धरा.

आतड्याचा तुकडा काढून जोडला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे जंतुसंसर्गाच्या भीतीने बहुधा जाळी घालत नाहीत, आणि खाणं डॉक्टर सांगतील तेव्हाच.

पू जंतूंमुळे होतो, केळीमुळे नाही. (केळीच्या मुलखात ही अफवा, कमालच!) खरा त्रास बद्धकोष्ठाचा: ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी शौचाला खडा होतो, कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. पाणी भरपूर प्या, इसबगोल विचारून घ्या.

जपायचं ते ओझ्याला. 15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलो, वर हंड्याचं वजन. 6 आठवडे तो नको, कापसाचं गाठोडंही नको.

उलट्या, पोट फुगणं, वारा न सरणं, ताप, एका पोटरीला सूज: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.