ग्लुकोमीटर चार महिने ड्रॉवरमध्येच होता

गेल्या वर्षी चार महिने मी शुगर तपासलीच नाही. ग्लुकोमीटर ड्रॉवरमध्ये होता, स्ट्रिपची डबी शेजारी. रोज सकाळी ड्रॉवर उघडायचो, कंगवा घ्यायचो आणि लोटून द्यायचो. आळस नव्हता तो, भीती होती. उपाशीपोटी १८० दिसले की आदल्या दिवशीचा एकेक घास आठवायचा आणि स्वतःचीच चीड यायची. घरात कुणी मायेनेच "आज गोड खाल्लंस का?" विचारलं, तरी चोरी पकडल्यासारखं व्हायचं.

मग एचबीएवनसी केलं, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी. ९.४. डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "पथ्य पाळत नाही तुम्ही." मी मान डोलावली. रात्री तीनला जाग येते, मग झोप लागत नाही, गोळी हातात घेतली की कसनुसं होतं, हे सांगायला जागाच नव्हती. पुढची अपॉइंटमेंट मी चुकवली.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी जीव तोडून सांगतोय: रक्त तपासता तेव्हा मनाचीही चौकशी करा. दर वेळी.

ताण आला की कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनलिन ही ताणाची संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात, यकृत साखर रक्तात सोडतं, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणजे पथ्य पाळूनही आकडा चढू शकतो. दुसरीकडे, मन खचलेला माणूस चालायला जात नाही, गोळी चुकवतो. शुगर वाढते, तो अजून खचतो. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरने मधुमेहाचं कारण दीर्घ दुःखात शोधलं होतं. कारण म्हणून ते अपुरं, पण दुःखाचा आणि या आजाराचा संबंध त्याला तेव्हा दिसला होता!

मला जे झालं होतं त्याला डायबिटीस डिस्ट्रेस म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. रोजच्या पथ्याचा, सुयांचा, पुढे डोळे जातील का या धास्तीचा साचलेला शीण. तो मोजायला १९९५ पासून २० प्रश्नांची पेड नावाची प्रश्नावली आहे. १०० पैकी ४० किंवा जास्त गुण म्हणजे त्रास गंभीर. डिप्रेशन याहून वेगळं. त्यात दोन आठवडे किंवा जास्त काळ कशातच रस वाटत नाही, आजाराशी संबंध नसलेल्या गोष्टींतही. मधुमेह असलेल्यांत ते इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं. आणि जगूच नये असं वाटत असेल तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, आजच कुणाला तरी सांगा.

डिप्रेशनच्या औषधाने मन सावरतं, पण शुगर आपोआप उतरेलच असं नाही. दोन्हीकडे एकत्र बघावं लागतं. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्सनी डिप्रेशन आणि मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या २१४ रुग्णांपैकी निम्म्यांचा असा एकत्र पाठपुरावा केला. वर्षभरात त्यांचं डिप्रेशनही कमी झालं आणि शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉलही सुधारलं. यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. माणसं लागली, विचारणारी.

मला विचारलं ते एका सिस्टरने, दुसऱ्या दवाखान्यात. बोटाला कापूस दाबता दाबता म्हणाल्या, "तपासायचा कंटाळा येतो, की भीती वाटते?" मला बोलताच येईना, डोळे भरून आले. त्यांनी घाई केली नाही, खुर्ची ओढून बसल्या. मग आमचं ठरलं: आठवड्यातून तीनदाच तपासायचं, वहीत नुसता आकडा लिहायचा, पुढे "चांगला" किंवा "वाईट" लिहायचं नाही. समुपदेशकाकडे जायचंही त्याच दिवशी ठरलं.

घरी येऊन ड्रॉवर उघडला. स्ट्रिपची मुदत केव्हाच संपली होती. नवीन डबी आणली. परवा एचबीएवनसी ७.९ आलं.