गायरान की लिलाव?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात वाद पेटला. मावसभावाने लिहिलं, "सरकारने लहरी फुकट का सोडायच्या? 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने लिलावाशिवाय दिलेले टू-जी मोबाइलचे 122 परवाने रद्द केले ते विसरलास? तिकडे बसून बोलणं सोपं आहे."

विषय 6 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा, म्हणजे वायफाय आणि मोबाइल ज्यांवर चालतात त्या रेडिओ लहरींच्या एका भागाचा. मे 2025 मध्ये दूरसंचार विभागाने त्यातला खालचा 500 मेगाहर्ट्झचा भाग वायफायसाठी विनापरवाना खुला करण्याचा मसुदा काढला. वरचे 700 मेगाहर्ट्झ मोबाइलकडे. मी राहतो त्या अमेरिकेने एप्रिल 2020 मध्येच 1200 च्या 1200 खुले केले. न्यू जर्सीतले माझे मराठी मित्र म्हणतात, भारताने निम्म्याहून जास्त पट्टा हातचा घालवला. मला दोघांचंही पटत नाही.

आधी भावाचं. टू-जीमध्ये लहरी मोजक्या कंपन्यांच्या हवाली झाल्या आणि बाकीच्यांना तिथे मज्जाव. विनापरवाना पट्टा म्हणजे गावचं गायरान. त्याचा सातबारा कुणाच्याच नावावर चढत नाही, शक्तीची मर्यादा पाळून कुणीही वापरावा. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये असाच खुला झाला, म्हणून आज राउटर लावायला कुणाला अर्ज करावा लागत नाही. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालय 1995 मध्येच म्हणालंय. लोकांची वस्तू लोकांनी थेट वापरली, तर त्यात घोटाळा कसला?

पण माझ्या मित्रांनी एकदा डोंबिवलीत आई-बाबांच्या घरी राहून बघावं. गेल्या दिवाळीत मी तिथे फोनवर आसपासची वायफाय नेटवर्क मोजली: एकतीस. 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. एकतीस घरं त्या तीन वाटांवर. त्यामुळे नवा पट्टा हवाच, यात शंका नाही. मात्र लहर जितक्या वरच्या गिगाहर्ट्झची, तितकी ती भिंतीला लवकर हरते. माझं इथलं घर लाकडी सांगाड्याचं, आत जिप्समच्या पाट्या. वरच्या मजल्यावरही 6 गिगाहर्ट्झ पोचतं. आईच्या स्वयंपाकघराला नऊ इंची विटांची भिंत, वर आरसीसीचा स्लॅब. तिथे हा पट्टा राउटर असलेल्या खोलीपुरताच समजावा. (एका अर्थी ते बरंच, शेजाऱ्याची लहरही आत येत नाही.) त्याचा फायदा घ्यायचा तर खोल्याखोल्यांत वायर पोचली पाहिजे, आणि आपल्याकडे अजूनही बऱ्याच नव्या इमारतींत केबल टीव्हीचा पॉइंट देतात पण इंटरनेटच्या वायरसाठी पाइप सोडत नाहीत. याचा मला खरोखर राग येतो.

मोबाइल कंपन्यांचं म्हणणंही पोकळ नाही. भारतात घरी वायरने येणारी ब्रॉडबँड जोडणी चार कोटींहून थोड्या जास्त घरांत आणि ऑफिसांत आहे. बाकी बहुतेकांचं इंटरनेट म्हणजे मोबाइल. माझ्या मामाच्या गावात वायफायचा पट्टा कितीही रुंद केला, तरी त्याच्या राउटरला जोडायला तार आलेलीच नाही. म्हणून वरचे 700 मोबाइलला द्यायला माझी हरकत नाही. एका अटीवर: लिलावाच्या वाटेकडे डोळे लावून ते रिकामे पडता कामा नयेत. मोबाइलचाच एक दुसरा पट्टा आहे, 700 मेगाहर्ट्झच्या आसपासचा (वरच्या 700 शी त्याचा संबंध नाही, तिथे 700 ही रुंदी आहे). तो 2016 च्या लिलावात विकला गेला नाही, 2021 मध्येही नाही. 2022 मध्ये कुठे घेणारा मिळाला. सहा वर्षं लोकांच्या मालकीच्या लहरी नुसत्या पडून होत्या. तसं पुन्हा होणार असेल, तर लिलाव होईपर्यंत घरातल्या कमी शक्तीच्या वापराला तो पट्टा मोकळा ठेवावा.

हे सगळं मी भावाला लिहून पाठवलं. लिलावाबद्दल तो अजून अडून आहे. पण आई-बाबांच्या घराचं रंगकाम मार्चमध्ये निघतंय, तेव्हाच भिंतीत पाइप टाकून वायर ओढून घेऊ म्हणाला, आणि इलेक्ट्रिशियनशी बोललासुद्धा.