हप्ता कुणाच्या खिशातून?

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर काल विषय पेटला तो मंद्याला आलेल्या मेसेजमुळे: उद्या अ‍ॅडोबीच्या एडिटिंग सॉफ्टवेअरचे पैसे कापले जाणार. (रिझर्व्ह बँकेनं २४ तास आधी कळवायची सक्ती केली नसती, तर त्याला पत्ताही लागला नसता.)

"बंदच करतो. लग्नाचे व्हिडिओ दाविंची रिझॉल्व्हवर फुकटात होतात."

"कर की," स्नेहल म्हणाली. "वर्षाचा प्लॅन महिन्याच्या हप्त्यानं घेतलायस ना? मग उरलेल्या हप्त्यांचे निम्मे पैसे भर." याच अटीवरून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारनं कंपनीला कोर्टात खेचलं होतं.

"२०१३ च्या आधी बरं होतं. अ‍ॅडोबीचं सीएस६ एकदा विकत घेतलं की झालं."

"तू घेतलं होतंस विकत?"

लॅमिंग्टन रोडच्या चोरट्या सीडीचं नाव कुणीच काढलं नाही.

इंटिरियरवाला बंड्या म्हणाला, "खर्चात दाखव, टॅक्स वाचतो."

"तू ४४एडीएखाली, म्हणजे ठोक नफ्याच्या कलमाखाली, रिटर्न भरतोस ना?" स्नेहल म्हणाली. " तिथं जमेतला निदान निम्मा भाग नफा धरतात. मग तू स्केचअप घे नाहीतर पाटी-पेन्सिल, टॅक्स तेवढाच."

बंड्या गप्प. खरा वाद पुढे झाला. अ‍ॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर २०२५ च्या ऑक्टोबरपासून फुकट आहे, मग स्नेहल पैसे का भरते?

"एजन्सीला ओपन, म्हणजे पुढे बदलता येणारी, फाइल लागते. अ‍ॅफिनिटीत फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडते रे, पण परत पाठवल्यावर एखादा इफेक्ट बिघडला की रात्री दोनला फोन मला येतो."

"मग हप्ता एजन्सीच्या कोटेशनमध्ये धर," मी म्हटलं.

"धरला की काम चोरीचं क्रॅक सॉफ्टवेअर वापरणाऱ्याकडे जातं."

यावर माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. तरी माझं मत तेच: जो गिऱ्हाईक त्याच सॉफ्टवेअरची फाइल मागतो, हप्ता त्याचा, दर कामात थोडाथोडा, वेगळी ओळ न दाखवता. मंद्याकडे नवरीचा बाप प्रोजेक्ट फाइल कशाला मागतोय? त्याला एमपी४ पेनड्राइव्हवर मिळाली की तो खूश. आणि फुकटचं रिझॉल्व्ह अडलंच, तर स्टुडिओ व्हर्जन २९५ डॉलरना, तेही एकदाच.

मंद्यानं तिथंच प्लॅन उघडला. वर्ष मार्चमध्ये संपतंय. न वापरता निम्मे भरण्यापेक्षा तोवर हप्ता चालू ठेवायचा, हातातल्या लग्नांवर वाटून लावायचा आणि रिन्यूअलच्या आधी बंद करायचा, असं ठरलं. वडापावचे पैसे मात्र त्याच्याकडूनच घेतले.