आधी तिची चौकशी करा

दुपारी सिडकोत बाळ बघायला गेले होते. सिझर होऊन अकरावा दिवस. हॉलमध्ये आम्ही सात-आठ जणी, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर, आणि ती कानाला रुमाल बांधून पलंगाच्या कडेला, एक हात टाक्यांवर. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "सिझरचं बरं असतं बाई, कळा नाहीत की काही नाही."

डोकंच फिरलं माझं. पोट कापून बाळ काढलंय तिचं! साधा खोकला आला तरी पोटाशी उशी धरावी लागते. नॉर्मलवालीला तरी कुठे सोपं? टाके बऱ्याचदा तिलाही असतात, धड बसता येत नाही.

मला माझी मालीशवाली मावशी आठवली. डिसेंबरच्या थंडीत पंचवटीतून सकाळी सातला यायची. सगळे बाळाला तेल लावायला तिची वाट बघत असायचे. ती खोलीत यायची, दाराला कडी लावायची आणि म्हणायची, "बाळाचं राहू दे. रातच्याला डोळा लागला का तुझा?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ढसाढसा रडले. घरात सहा माणसं होती. दूध पुरतंय का, हे रोज विचारायची. झोपलीस का, हे कुणीच नाही.

जुनं सगळंच चूक असं नाही, मान्य. हळिवाचे लाडू हवेतच. किलोभर झालेली गर्भपिशवी ६०-७० ग्रॅमवर यायला ६ आठवडे लागतात, म्हणजे सव्वा महिना कुणी उगाच ठरवला नाही. पण आता तो देवाला शिवायचं नाही एवढ्यापुरताच उरलाय. पाहुण्यांचा चहा ठेवायला चालते ती!

आणि रडली तर "आम्ही नाही का पोरं काढली" म्हणू नका हो. बाळंतपणानंतर हार्मोन्स एकदम उतरतात, पहिले दहा-बारा दिवस रडू येतंच. पण दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाला घ्यावंसं वाटत नसेल, तर तिला डॉक्टरकडे न्या. १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.

काकूंवर चिडले खरी. आता लिहिताना वाटतंय, त्याही कधीतरी मोरीत नळ सोडून रडल्या असतील. त्यांना तर मावशीही भेटली नसेल.

निघताना तिच्या कानाशी वाकून विचारलं, "झोपतेस का गं?" तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

उद्या दुपारी परत जातेय. बाळ मी घेऊन बसणार, आणि तिच्या खोलीची कडी बाहेरून मी लावणार.