‘लोकांनी पाय ओढले म्हणून फौज परतली’ हे धादांत खोटं आहे

मामा दर महिन्याला बार्शीहून औषधं घ्यायला सोलापुरात येतात आणि दुपारी आमच्याकडं जेवतात. परवा ताटावरून उठल्यावर त्यांनी चष्मा लावला, मोबाईल माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "हे खरं आहे का गं? लोकांमुळं परत यावं लागलं आम्हाला?"

आमच्याच घरच्या ग्रुपवर तिघांनी टाकलेला मेसेज होता. त्याचं म्हणणं असं : १९८७ ला श्रीलंकेत गेलेलं आपलं सैन्य जिंकत आलं होतं, आणखी फौज पाठवली असती तर महिन्याभरात निकाल लागला असता. पण जनता आणि पेपरवाले रडत बसले म्हणून माघार घ्यावी लागली. अमेरिकेत असं होत नाही, तिथं युद्ध लागलं की अख्खा देश सरकारच्या मागं उभा राहतो. २००३ ला इराकमध्ये फौज पाठवायलाही आपण कचरलो. आणि शेवटी ठळक अक्षरांत : परदेशात फौज पाठवायला विरोध करणारा जवानांचा अपमान करतो.

मामा त्या श्रीलंकेत दीड वर्ष होते. मेसेज टाकणाऱ्या तिघांपैकी एकानंही आजवर त्यांना तिथलं काही विचारलेलं नाही. म्हणून हे लिहितेय, आणि त्या तिघांनी ते वाचावं म्हणून लिहितेय.

‘आणखी फौज पाठवली असती तर’ म्हणे! अहो, पाठवली होती. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सही केली, तेव्हा आपलं सैन्य गेलं ते शांतता राखायला आणि वेगळ्या राज्यासाठी लढणाऱ्या तमिळ गटांची शस्त्रं जमा करून घ्यायला. तेव्हा तिथं एक डिव्हिजन, म्हणजे हजारो जवानांचा एक मोठा सैन्यविभाग होता. ऑक्टोबरात त्या गटांतल्या एलटीटीईशीच (तमिळ वाघांशी) लढाई जुंपली, ‘ऑपरेशन पवन’ या मोहिमेत उत्तरेतलं जाफना शहर घेतलं, आणि पुढं फौज वाढत वाढत चार डिव्हिजनपर्यंत गेली. जाफना हातात आल्यावरही लढाई संपली नाही, ती जंगलात आणि रस्त्यांखाली पेरलेल्या सुरुंगांत गेली. मामा सांगतात, पायवाटेनं चालताना पुढच्याच्या बुटाचा ठसा बघायचा आणि त्यातच आपला पाय ठेवायचा. ठसा पुसट झाला असेल तर थांबायचं, बोलायचं नाही. घरी पत्रात मात्र ते लिहायचे की इथं नारळ फार आहेत, सगळं हिरवंगार आहे, काळजी करू नये.

आणि परत कुणी बोलावलं? आधी ज्यांच्या घरात गेलो होतो त्यांनीच जा म्हटलं. जयवर्धनेंच्या जागी प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि जून १९८९ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितलं की जुलैअखेर भारतीय फौज इथून निघाली पाहिजे. एवढ्यावर ते थांबले नाहीत, आपल्याशी लढणाऱ्या एलटीटीईला त्यांच्याच सरकारनं शस्त्रं पुरवली. यजमान आपल्या शत्रूला बंदुका देतोय तिथं पाचवी डिव्हिजन नेऊन काय करणार होता? माघारीचा समझोता सप्टेंबर १९८९ चा, राजीव गांधींच्याच काळातला. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला परतली, तेव्हा व्ही. पी. सिंग पंतप्रधान होते. मधली १९८९ ची निवडणूक गाजली ती बोफोर्स तोफांच्या दलालीवर. फौज पाठवताना जनतेला कुणी विचारलं नव्हतं आणि परत आणतानाही नाही. सुमारे १२०० जवान गेले, त्याचा दोष मात्र आता जनतेच्या माथी.

अमेरिकेचं म्हणाल तर तो मुद्दा एका आकड्यातच निकालात निघतो. गॅलप ही तिथली जुनी, नावाजलेली जनमत चाचणी घेणारी संस्था. व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं ही चूक होती का, हा एकच प्रश्न ती वर्षानुवर्षं लोकांना विचारत राहिली. ऑगस्ट १९६५ मध्ये ‘हो’ म्हणणारे होते २४ टक्के. ऑगस्ट १९६८ येईतो ते निम्म्याच्या वर गेले. मधल्या काळात फौज वाढतच होती, पाच लाखांवर गेली होती. म्हणजे जसजसं सैन्य वाढलं तसतसे लोक दुरावले. १९६८ च्या सुरुवातीला सेनापती वेस्टमोरलंड यांच्याकडून आणखी २ लाख ६ हजार सैनिकांची मागणी आली, ती मार्चमध्ये पेपरात फुटली, आणि ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं टीव्हीवरून जाहीर केलं. हाच तो मागं उभा असलेला अख्खा देश.

इराकचंही तेच. जानेवारी २००७ मध्ये अध्यक्ष बुश यांनी आणखी वीस हजारांहून जास्त सैनिक पाठवायचं ठरवलं, तेव्हा चाचण्यांमध्ये दहातले सहा लोक विरोधात होते. फेब्रुवारीत त्यांच्या प्रतिनिधिगृहानं २४६ विरुद्ध १८२ मतांनी नापसंतीचा ठराव केला. तरी फौज गेलीच. आता एक गोष्ट मला मान्य करावी लागेल : २००८ पर्यंत इराकमधला हिंसाचार खरोखर कमी झाला. त्याला वाढीव सैन्य हे एक कारण होतं, आणि अल-कायदावर उलटलेल्या सुन्नी टोळ्या हे दुसरं. पण २०१४ च्या जूनमध्ये इराकमधलं मोसुल शहर आयसिस या दहशतवादी संघटनेच्या हातात पडलं, हेही त्याच हिशेबात धरा.

२००३ ला आपण कचरलो नाही, विचार करून नको म्हटलं. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर सैन्य पाठवणार नाही, असं वाजपेयी सरकारनं १४ जुलैला ठरवलं. त्याआधी एप्रिलमध्ये संसदेनं अमेरिकेच्या त्या इराक युद्धाविरुद्ध ठराव केला होता. इराकमध्ये पुढं जे झालं ते पाहता त्या निर्णयानं किती घरं वाचली, याचा विचार मेसेज टाकणाऱ्यांनी करावा.

राहिला अपमान. श्रीलंकेतून आलेल्या जवानांचं स्वागत धड झालं नाही, हे खरं आहे. मद्रासला जहाज लागलं तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. या जवानांचं स्मारक आधी कोलंबोजवळ झालं, दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ चं. पण यातलं काय जनतेनं केलं? मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये होते, २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत पडले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्यांना तिथं पाठवण्याचा निर्णय चुकला असं म्हटलं तर त्यांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. चुकलेला निर्णय दिल्लीत बसून घेतलेला असतो, त्याची किंमत पायवाटेवर चालणारा देतो. या दोघांना एकाच मापात घालू नका.

त्या दीड वर्षात मामी भेटेल त्याला विचारायची, "कशाला पाठवलंय ह्यांना तिकडं? कुणाचं भांडण आणि कोण मरतंय?" तलाठ्याला, पोस्टमनला, एकदा प्रचाराला आलेल्या पुढाऱ्याला भर चौकात. गल्लीत तारवाला शिरला की हातातलं पीठ तसंच ठेवून ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची, आणि तो पुढं निघून गेला की तिथंच खाली बसायची. मामांची आंतर्देशीय पत्रं तिनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलीत, अजून आहेत. त्या मेसेजच्या हिशेबानं जवानांचा अपमान करणारी ती पहिली.

हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मोबाईल बंद करून खिशात ठेवला. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "ग्रुपवर काय लिहायचंय ते लिही. पण ती शेवटची ओळ तुझ्या मामीला वाचून दाखवू नकोस."